पान एकशे एकूणपन्नास

खुर्च्या सव्वीस. देवस्थानच्या सभागृहातून टेम्पोने आणलेल्या,
प्रत्येकीच्या पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ.
मी ओळी लावल्या. सगुणबाब म्हणाले,
"आसूं दी गो, जरा वाकड्याच ठेव.
लोक कमी आले तर वाकड्या ओळीत कळत नाही."

डिचोलीच्या बाजारातलं आमचं दुकान.
पुढे वह्या, पंचांगं, दहावीची गाइडं,
मागे, तीन पायऱ्या चढून, पुस्तकं.
खाण चालू होती तेव्हा ट्रकांची धूळ इथवर यायची.
जुन्या मालाच्या कडा अजून तांबड्या आहेत.
पुसल्या की फडकं तांबडं होतं,
कडा तशाच.

मला इथे अकरा वर्षं झाली.
दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचते.
पुस्तक दोन बोटं उघडायचं, त्याहून जास्त नाही.
कणा मोडता कामा नये.
हाताचा घाम ओढणीला पुसून पान उलटायचं,
खूण घालायची नाही, आकडा डोक्यात ठेवायचा.
असं मी निम्मं दुकान वाचलंय
आणि नवंकोरं म्हणून विकलंय.

तीन लेखक आले.
मिश्किताबाई, निवृत्त शिक्षिका, पुस्तक खेकड्यांवरचं.
बोलता बोलता त्यांची बोटं टेबलावर तिरकी चालू लागली.
मुलं हसली. मुलं दोनच होती.
मग एक डॉक्टर. त्यांचं मनोगत लांबलं,
मिरची-भजी गार झाली.
शेवटी उमाकांत च्यारी,
खाणीच्या वजनकाट्यावर तेवीस वर्षं कारकून.
माइक त्यांनी आधी हातात तोलून पाहिला.
सवय असावी.

त्यांच्या कादंबरीतली बाई
रात्रपाळीला ट्रक मोजते, भरलेले, रिकामे, भरलेले,
आणि एकदा, रांग संपल्यावर,
स्वतःच जाऊन काट्यावर उभी राहते.
काटा हलत नाही.
तिथवर मी पोचले होते. पान एकशे अठ्ठेचाळीस.
दुसऱ्या दिवशी शेवटची प्रत
साखळीच्या एका सरांनी नेली.
बिल मीच केलं. पिशवीत मीच घातली.

आता ते सुरुवात वाचत होते.
लेखक नेहमी सुरुवातच वाचतात.
मग चष्मा काढून म्हणाले,
"कोणी वाचलंय का हे?"
पंखा ऐकू आला.
माझ्या एका हातात किटली होती, दुसरा मोकळा होता.
वर करणार, तर समोर सगुणबाब.
विकत न घेता वाचलेलं पुस्तक
मालकादेखत वाचलं कसं म्हणायचं?
मी चहा ओतला. थोडा बशीत सांडला.

सव्वाआठच्या कदंबसाठी च्यारी धावतच गेले.
सहा प्रती खपल्या, चार खेकड्यांच्या.
खुर्च्यांची चळत लावताना
सतराव्या खुर्चीखाली त्यांची स्वतःची प्रत सापडली,
कणा पाच ठिकाणी मोडलेला,
चिरलेल्या बांगड्यासारखी आपोआप उघडी पडणारी.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी एक पुस्तक पुरतं उघडलं.
एकशे एकूणपन्नासवर छापलेला सगळा मजकूर
पेन्सिलीने आडवा खोडलेला.
खाडलेलंही वाचता येत होतं. मी वाचलं नाही.
समासात बारीक अक्षरात, हिशेब लिहावा तसं:
काटा बिघडला होता.
तिचं वजन होतं.

साखळीच्या सरांना हे ठाऊक नाही.
छापखान्यालाही नाही.

सकाळी फोन आला.
"माझी प्रत राहिली का तुमच्याकडे?"
"राहिली. बाजूला ठेवलीय."
मग बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज.
"उघडून पाहिलीत?"
सगुणबाब दारात फडकं झटकत होते.

"दोन बोटं," मी म्हटलं.